शिंदीखालचे दूध : झाडाच्या गोड रसाची विस्मृत कथा

१/ #थ्रेड
शिंदीच्या झाडाखाली बसून दूध प्यायले, तरी लोक शिंदीच प्यायला म्हणतात. ही म्हण आपल्यापैकी अनेकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. तिचा उपदेश संगतीविषयी आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणीकडेही कागदपत्रासारखे पाहावे. या म्हणीत एक झाड कायमचे बदनाम होऊन बसले आहे. ही बदनामी त्याच्या वाट्याला कशी आली आणि तिच्यामुळे आपण काय गमावले, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ प्रथम स्थळ. माझे गाव अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. 'बुद्रुक' म्हणजे फारसीतला 'बुजुर्ग', अर्थात थोरले. शेजारचे अवसरी खुर्द ते धाकटे. जवळच्या एका गावाचे कागदोपत्री नाव आजही 'पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक' असे आहे. 'तर्फ' हा जुन्या महसुली व्यवस्थेतला गावांचा गट. तो गट गेला, नाव मात्र पत्त्यात टिकले. त्याच पारगावच्या हद्दीत आज भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा आहे. त्यामुळे आमच्याकडे गोडी म्हटले की ऊस, हे समीकरण पक्के.

३/ उसाखेरीज आणखी एक गोडी आमच्या ओढ्याकाठी मुकाट उभी आहे. ती म्हणजे शिंदी. वनस्पतिशास्त्रात फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, म्हणजे खजुराची रानातली बहीण. तिच्या पानांची केरसुणी होते, चटया आणि टोपल्या होतात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण ज्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो, ती बहुधा शिंदीच्याच पानांची. म्हणजे एकाच झाडाचे पान देवघरात पूजनीय आणि रस मात्र घरात उच्चारायलाही वर्ज्य. हा भेद निसर्गाने केलेला नाही, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

४/ रस काढण्याची रीत अशी. थंडी पडली की झाडाच्या शेंड्याखालची एका बाजूची पाने उतरवतात. उघडा पडलेला मऊ भाग धारदार कोयत्याने हलक्या हाताने तासतात, त्याला खाच देतात, खाचेत बांबूची पन्हळ बसवतात आणि खाली मडके टांगतात. सायंकाळी टांगलेले मडके पहाटे उतरवायचे. काही दिवस रस घेतल्यावर झाडाला विश्रांती द्यायची. पुढच्या वर्षी खाच विरुद्ध बाजूला. त्यामुळे जुन्या झाडाचे खोड नागमोडी दिसते आणि त्यावरच्या खाचा मोजल्या की किती हंगाम रस काढला, हे कळते. खोड हीच त्या झाडाची बखर.

५/ पहाटे उतरवलेला ताजा रस गोड असतो. ती नीरा. हवेतले आणि मडक्यातले यीस्ट त्यातील साखरेवर तुटून पडते, ऊन चढू लागते आणि काही तासांत तीच नीरा आंबून ताडी होते. मडक्याला आतून चुना फासला तर आंबणे लांबते. रस लगेच चुलीवर चढवला तर आंबण्याची वेळच येत नाही. आटत आटत त्याची काकवी होते, पुढे गूळ होतो. म्हणजे दारू आणि गूळ यांच्यात झाडाचा भेद नाही. भेद आहे तो काही तासांचा आणि एका चुलीचा.

६/ आता थोडे दूर जाऊ. माझा मावसभाऊ कॅनडातील ओंटारिओ प्रांतात राहतो. मार्च महिन्यात, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा किंचित ऊब असे दिवस आले की तो परसातल्या चार मेपल वृक्षांना बोटभर खोल भोके पाडतो, त्यांत नळ्या ठोकतो आणि बादल्या टांगतो. दिवसभर थेंब थेंब रस साचतो. सुटीच्या दिवशी अंगणात चूल पेटवून तो रस आटवायचा आणि बाटल्या भरायच्या. त्याच्या आळीत शिक्षक, नर्स, बसचालक असे कितीतरी लोक हा छंद करतात. मुले बादल्या वाहतात. कोणी कोणाकडे संशयाने पाहत नाही.

७/ या छंदाचे गणित गंमतीचे आहे. मेपलच्या रसात साखर जेमतेम २ टक्के असते. तिकडच्या हौशी मंडळींचा एक ढोबळ नियम आहे : ८६ या आकड्याला रसातील साखरेच्या टक्केवारीने भागावे, म्हणजे एक लिटर पाकासाठी किती लिटर रस लागेल ते कळते. मेपलसाठी उत्तर येते ४३. शिंदीच्या चांगल्या रसात साखर १० ते १२ टक्के असते, म्हणजे सुमारे ८ लिटर पुरेत. उसाच्या रसात १८ टक्के धरली तर ५ लिटरही लागत नाहीत. इंधनाच्या हिशेबाने पाहिले तर मेपल हा तिघांत सर्वांत कष्टाचा धनी. तरीही जगात नाव त्याचेच.

८/ त्या नावामागेही इतिहास आहे. युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी मेपलचा रस आटवत आले. अनिशिनाबे लोकांच्या पंचांगात रस आटवण्याच्या दिवसांवरून एका चांद्रमासाचे नावच पडले आहे. पुढे १७९०च्या दशकात बेंजामिन रश यांच्यासारख्या गुलामगिरीच्या विरोधकांनी मेपल साखरेचा पुरस्कार केला. वेस्ट इंडीजमधली उसाची साखर गुलामांच्या घामातून येत होती. तिला निष्कलंक पर्याय म्हणून हे झाड पुढे आले. थॉमस जेफरसन यांनी १७९१ मध्ये मॉन्टिसेलो येथील आपल्या मळ्यात मेपलची रोपे लावली. ती लागवड यशस्वी झाली नाही आणि स्वतः जेफरसन गुलाम बाळगणारे होते, ही विसंगतीही नोंदवली पाहिजे. पण झाडाच्या रसाशी एक नैतिक प्रतिष्ठा जोडली गेली, हे खरे.

९/ आपल्याकडे नेमके उलटे घडले. इंग्रजी अमलात अबकारी हे महसुलाचे मोठे साधन झाले. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने ताड, माड, शिंदी यांचा रस काढणे सरकारी परवान्याच्या आणि झाडागणिक कराच्या चौकटीत घट्ट बसवले. कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या भंडारी समाजाला त्याची झळ बसली. सरकारला कर हवा होता आणि कर मिळत होता तो नशेतून. नीरा आटवून गूळ करणाऱ्या घराला त्या हिशेबात फारसे स्थान नव्हते. शिंदीचे झाड आता 'दारूचे झाड' म्हणून दप्तरात चढले.

१०/ राष्ट्रीय चळवळीने या महसुलावर बोट ठेवले. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले आणि लोकमान्य टिळकांनी त्या चळवळीला पाठबळ दिले. पुढे गांधीजींपुढे प्रश्न आला की ताडी बंद झाली तर झाडावर चढणाऱ्याने खायचे काय? त्यांचे उत्तर होते ताडगूळ. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या वर्ध्यातील मगनवाडीत जे उद्योग हाती घेतले गेले, त्यांत ताडगूळही होता. गजानन नाईक यांनी या कामाला स्वतःला वाहून घेतले. तेच झाड, तोच माणूस, तोच कोयता; फक्त मडक्यापुढे चूल ठेवायची. कल्पना किती साधी होती!

११/ मग आला १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम. आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. या कायद्यान्वये परवान्याविना अशा झाडांना छेद देऊन रस काढता येत नाही. कायद्याचा हेतू उघड आहे आणि दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, ते त्या हेतूची थट्टा करणार नाहीत. मीही करत नाही. पण परिणाम पाहा. बंदीचा कायदा गावागावांत पोहोचला, त्याच्या जोडीला यायचा तो गूळ मात्र आमच्यापर्यंत आला नाही. डहाणूसारख्या ठिकाणी प्रशिक्षणाचे काम झाले, मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर नीरा विकली गेली. ओढ्याकाठच्या शिंदीकडे मात्र कोणी पाहिले नाही.

१२/ या सगळ्याची साक्ष भाषा देते. मराठीत 'शिंदी' हा शब्द झाडाचाही आहे आणि पेयाचाही. तो शिंदी प्यायला, असे म्हटले की दुसरा अर्थ निघतच नाही. आता बंगालकडे पाहा. तिथे हेच झाड 'खेजूर' म्हणून ओळखले जाते आणि त्याचे नाव काढले की लोकांना आठवतो तो हिवाळ्यातला नोलेन गूळ. त्या गुळाचे संदेश होतात, पायेश होते. पाहुण्यापुढे तो अभिमानाने ठेवला जातो. झाड एक, ऋतू एक, रस एक. एका प्रांतात मिठाई झाली, दुसऱ्यात म्हण झाली.

१३/ माझा स्वतःचा छंद या दोन टोकांच्या मधला आहे. शिंदीला हात लावायचा तर परवाना हवा, म्हणून मी उसाच्या रसावर हात बसवला. दर माघात एका रविवारी घरच्या उसाचा २० लिटर रस काढून आणते आणि मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पातेल्यात चढवते. चिपाडांचा जाळ झपाट्याने चढतो आणि तितक्याच झपाट्याने उतरतो, म्हणून शेजारी बाभळीची लाकडे असतात. रानभेंडीचे खोड ठेचून भिजवलेले बुळबुळीत पाणी रसात घातले की मळी वर येते. ती झाऱ्याने सारखी काढत राहायची. मळी राहिली तर काकवी काळपट आणि तुरट होते.

१४/ सगळी कसोटी शेवटच्या वीस मिनिटांत असते. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० नव्हे तर सुमारे ९८ अंशांना उकळते. मावसभावाने सांगितलेली युक्ती अशी की आधी साधे पाणी उकळून तापमान बघायचे आणि त्यावर अंश मोजायचे. त्याचा मेपल पाक सुमारे ४ अंश वर गेला की तयार. काकवीला थोडे अधिक लागते. पण आजीला तापमापी नको असे. ती उलथन्यावरून ओघळणारी धार बघे. धार तुटून थेंब पडेनासा झाला आणि काठाशी पडद्यासारखा लोंबू लागला की म्हणे, "उतरव गं, आता गुळाकडं चाललीय." तापमापीचा आकडा आणि आजीचा शब्द यांत मला कधी फरक आढळला नाही. ओंटारिओतली हौशी मंडळीही पाकाचा असाच पडदा बघतात, हे कळल्यावर आजी म्हणाली होती, "मग ती आपलीच माणसं."

१५/ आजी आता नाही. आमच्या ओढ्याच्या बांधावर मात्र तीन शिंदी अजून आहेत. त्यांतल्या दोघींच्या खोडावर आळीपाळीने दोन्ही अंगांना जुन्या खाचा आहेत. आजी या घरात लग्न होऊन आली तेव्हाही त्या तिथे होत्या, असे ती सांगे. त्या कोणी दिल्या हे विचारले की विषय बदले. चांगल्या घराच्या बांधावर शिंदीचा रस निघत होता, हे बोलायचे नसते. आता ओढ्याच्या खोलीकरणासाठी आखणी झाली आहे आणि तिन्ही झाडे चुन्याच्या रेषेच्या आत आली आहेत. चुलत्यांचे म्हणणे आहे की पाणी वाढणार असेल तर तीन शिंदींसाठी अडून बसू नये; तशीही ती लाजेचीच झाडे. पाण्याची निकड मलाही कळते. तरीही रेषा चार हात सरकवावी, असा अर्ज मी संबंधितांकडे दिला आहे. उत्तर यायचे आहे.

१६/ अर्जात मी भावना लिहिल्या नाहीत. एवढेच लिहिले की या मुळ्यांनी बांधाची माती धरून ठेवली आहे, आणि या खोडांवर गावाच्या अर्थव्यवस्थेची अशी नोंद आहे जी कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. शिलालेख आणि वीरगळ वाचायला आपण शिकलो, ते चांगलेच झाले. पण ज्यांच्या नावाने शिलालेख कोरले गेले नाहीत, त्यांच्या कोयत्याने कोरलेली अक्षरे अशा खोडांवर आहेत. दगड हजार वर्षे थांबतो. झाडाला तेवढा धीर नसतो आणि यंत्राला तर मुळीच नसतो.

१७/ तेव्हा तरुण मित्रांनो, एक विनंती. आपापल्या गावच्या ओढ्याकाठी शिंदी असेल तर तिचे खोड दोन्ही बाजूंनी पाहा. खाचा असतील तर मोजा, छायाचित्र घ्या, जागा लिहून ठेवा. घरातल्या ज्येष्ठांना विचारताना 'ताडी कोण काढायचे' असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाला मौन मिळते. 'गूळ कोणी करायचे का' असे विचारा. प्रश्नातला एक शब्द बदलला की कधी कधी दार उघडते. रस मात्र परवान्याविना काढू नका. नोंद करायला परवाना लागत नाही. हाती येईल ते या धाग्याखाली लिहा.
धागा समाप्त.