सराटे, साडीगार्ड आणि येळवस

नांदेड ते लातूर हे अंतर महामार्गाने १४० किलोमीटरच्या आसपास. एसटीत बसलं की दुपारपर्यंत माणूस गंजगोलाईत चहा प्यायला मोकळा. आम्ही मात्र वाट थोडी वाकडी करून, मुक्काम करत, सायकलवरून गेलो. अकरा वर्षांची लेक तिच्या सायकलवर आणि सहा वर्षांचा मुलगा माझ्या कॅरिअरवर. या प्रवासाबद्दल लोक माझ्या हिमतीचं कौतुक करतात, तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. ज्यांच्या जिवावर तो पार पडला, त्यांचा उल्लेख त्या कौतुकात कुठेच नसतो. म्हणून त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

सायकलप्रवास म्हटला की आपल्यासमोर एकटा, स्वयंपूर्ण माणूस येतो. १९२३ साली मुंबईहून जगप्रदक्षिणेला निघालेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांची गोष्ट मीही फार भक्तीने वाचली आहे. पण लेकरू सोबत असलं की स्वयंपूर्णता पहिल्या घाटातच संपते. मुलाला भूक लागते ती आत्ताच लागते, तहान आत्ताच, झोपही आत्ताच. रस्त्याकडच्या माणसांनी आपलं म्हटलं तरच पुढे जाता येतं.

नांदेडच्या इतवारा भागात एका गल्लीत चाचांचं दुकान आहे. पत्र्याचं छत, हवेचा पंप, पाण्याचं घमेलं, भिंतीला टांगलेले टायर आणि तेलाने काळा झालेला बसायचा पाट. पूर्वी ते तासाच्या भाड्याने सायकली द्यायचे. दांडीखालून पाय घालून कैची मारत मी तिथल्याच सायकलवर शिकले. आता भाड्याच्या सायकली उरल्या नाहीत, मिस्त्रीकाम तेवढं चालू आहे.

मी त्यांना सांगितलं, कॅरिअरवर मुलासाठी सीट बसवून द्या. त्यांनी सायकल स्टँडला लावली, मुलाला वर बसवलं आणि मागचं चाक हाताने अगदी हळू फिरवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मुलाच्या टाचेकडे बघत होते.

"ताई, इसको नींद आएगी. नींद में पाँव ढीला पडता. फिर पाँव कहाँ जाएगा?" असं म्हणून त्यांनी तारांवर बोट ठेवलं.

मागे बसलेल्या मुलाचा पाय चाकात जाणं ही आपल्याकडे नेहमीची दुखापत आहे. टाचेची कातडी सोलून निघते आणि ती जखम लवकर भरत नाही. हे मला ऐकून ठाऊक होतं, पण माझ्याच सायकलच्या मागे ते दिसलं नव्हतं. चाचांनी माळ्यावरून जुन्या लेडीज सायकलचं साडीगार्ड काढलं, रॉकेलने पुसलं, तसंच दुसरं शोधलं आणि चाकाच्या दोन्ही अंगांना बसवलं. पाय टेकवायला दोन लोखंडी पट्ट्या जोडून आणल्या. बायकांचा पदर अडकू नये म्हणून केलेली जाळी माझ्या मुलाच्या पायासाठी अशी कामी आली. आधी ठरलेले पैसे त्यांनी चोख घेतले. साडीगार्डचे मात्र घेतले नाहीत. "वो तो पडा था," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी अट घातली. "बेटी को शाम को भेजो. पंक्चर सीखे बगैर नक्को जाने देना."

लेक रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागली. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. खरड कागदाने तेवढीच जागा घासायची. सोल्यूशन लावलं की ते सुकेपर्यंत थांबायचं. घाईने चिकटवलेलं ठिगळ अर्ध्या वाटेत सोडून जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. काटा ट्यूबमधून निघाला तरी टायरमध्ये राहतो आणि दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. आमच्या भागात हे पोटतिडकीने शिकवावं लागतं. रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे आणि मातीत पसरलेले सराटे. सावलीला म्हणून सायकल डांबराखाली उतरवली की चाक काट्यांनी भरलंच.

नाताळच्या सुट्टीत निघालो. उस्माननगरवरून कंधार. नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आणि लातूर सहाशेच्या वर, त्यामुळे बालाघाटची चढण मुलांच्या पायांना पहिल्याच दिवशी कळते. चढावर तिघंही उतरून चालायचो. कंधारच्या किल्ल्याचा खंदक आणि मानसपुरीतले क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे भग्न अवशेष मुलांनी पाहिले. दगडाशेजारी उभं राहून आपली उंची मोजण्यात त्यांची एक सकाळ गेली. तिथून लोहा आणि मग माळेगाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची यात्रा भरते, त्याच दिवशी आम्ही पोचलो. घोडे, उंट, गाढवं, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं. मुलगा तिथून हलायलाच तयार नव्हता.

चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणजे लातूरकडची वेळ अमावस्या. बोलण्यात येळवस. त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जातात. आम्ही अहमदपूर मागे टाकून शिरूर ताजबंदच्या दिशेने निघालो तेव्हा रस्त्यावरची हॉटेलं बंद, टपऱ्या बंद. सोबतचा खाऊ माळेगावच्या गर्दीत संपला होता. त्यात लेकीचं मागचं चाक बसलं. टायरमध्ये सराटा होता.

ट्यूब काढली, पण बुडबुडा बघायला पाणी पाहिजे. बाटलीत प्यायचं तेवढंच उरलं होतं. जवळच्या शेतात कडब्याची कोप दिसली आणि माणसांचा आवाज आला, म्हणून बादलीभर पाणी मागायला आम्ही बांधावरून आत गेलो.

कोपीत चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडले होते. एक आजी भज्जीचं पातेलं झाकत होत्या. आम्हाला बघून त्यांनी पाण्याचं विचारूच दिलं नाही.

"लेकरायला घिऊन सायकलीवर कुठं निघालाव, बाई? आधी बसा. येळवशीला वाटसरू उपाशी गेला तर शेताला काय सांगावं?"

भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. मुलाने आंबील तीनदा मागून घेतली. आमची जात, गाव, काम यांची चौकशी जेवण झाल्यावरच झाली. नांदेड म्हटल्यावर आजोबा थोडं थांबून बोलले. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपात त्यांची बहीण औसा तालुक्यात होती. घर गेलं, ती वाचली. "कुठून कुठून माणसायनी भाकरी आणून दिल्या. त्यायचं गाव कुणी इचारलं न्हाय." एवढं सांगून ते चर शिंपायला उठले, आंबील घेऊन, पिकाच्या कडेकडेने.

तोवर लेकीने बादलीत ट्यूब दाबली होती. आजींचा नातू तिच्यासमोर उकिडवा बसून सगळं बघत होता. सोल्यूशन सुकेपर्यंत तो दर क्षणाला विचारायचा, "आता?" आणि ती मान हलवायची. मग तिने टायरच्या आतून बोट फिरवलं आणि आणखी एक काटा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. आजींनी विचारलं, पोरीला हे कुणी शिकवलं? तिने चाचांचं सांगितलं. निघताना आजींनी तिळाच्या पोळ्यांची दोन पुडकी बांधली. एक आमच्यासाठी. "दुसरं त्या मिस्त्रीला द्या. म्हणावं, तुमच्या इद्येनं आमच्या घरी पाव्हणे आले."

पुढे चाकूर आणि लातूर सुखरूप झालं. उताराच्या एका टप्प्यावर मुलगा गाढ झोपला. मी मागे हात नेऊन पाहिलं, त्याची टाच जाळीला टेकली होती. चाचांचं ते हळू फिरवलेलं चाक मला तिथे, रस्त्यात आठवलं आणि डोळे भरून आले. गंजगोलाईत, सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात तिथे, मुलांनी भजी खाल्ली. सायकली टेम्पोत टाकून आम्ही परतलो.

पुडकं दुसऱ्याच दिवशी दुकानात पोचवलं. चाचांनी हात धुतले, उभ्याउभ्या एक पोळी खाल्ली, उरलेल्या घरी न्यायला बाजूला ठेवल्या. गावाचं नाव विचारलं. मग नातू केवढा आहे तेही विचारलं. मी निघाले तेव्हा माझ्या हातात कागदात गुंडाळलेली पुडी होती. सोल्यूशनच्या दोन ट्यूब, खरड कागदाचा तुकडा, जुन्या ट्यूबची कापलेली ठिगळं आणि टायर काढायच्या दोन पट्ट्या. "बच्चे को दे देना. जब भी जाओगे."

पुढच्या येळवशीला आम्ही तेवढ्यासाठी गेलो. पांडव मांडून झाले होते, पंगत बसायची होती. नातवाने पुडी उघडली, एकेक वस्तू मांडली, आजोबांची सायकल उलटी करून उभी केली आणि माझ्या लेकीला विचारलं, "पाणी आणू का?"