भाचीचा क्लोजअप

लहान मुलाचा चेहरा जवळून टिपायचा म्हणून मोबाइल अगदी नाकाशी नेऊ नये. नाक मोठं येतं, कान मागे पडतात. मी दोन पावलं मागे सरकतो, २एक्स झूम लावतो आणि मांडी घालून भाचीच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. फ्लॅश बंद, बाजूच्या खिडकीचा उजेड पुरतो. फोकस जवळच्या डोळ्यावर. ‘हस बेटा’ म्हणत नाही, त्यानं मुलं नुसते दात दाखवतात.

ईदचे फोटो बघून आपा म्हणाली, ‘फिल्टर लाव, जरा उजळ कर.’ पण तो फिल्टर पोरीचा सावळा रंग पुसतो, हनुवटीवरचा तीळही. दोन्ही अब्बांचे. त्यांचा घरात एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा, धुरकट. मी फिल्टर लावला नाही. आपा अजून रुसलेली आहे.