आश्रयपत्र

परदेशांत मुलगा किंवा मुलगी नाहीं असें घर आपल्या वाचकवर्गांत आतां विरळाच असेल. वडीलधारी मंडळी त्यांच्याकडे जावयास निघालीं म्हणजे पूर्वी काशीयात्रेच्या वेळीं होत तशाच चौकशा होतात: थंडी किती, भाजी कोणती मिळते, भाषेवांचून अडतें का. पैशाच्या व्यवहाराची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाहीं. 'मुलगा आहे ना तिथें!' एवढ्यावर तो विषय संपतो. फ्रान्स देशांतील लियों शहरीं २०२३ च्या सप्टेंबरापासून अकरा महिने राहण्याचा योग आम्हांस आला. त्या मुक्कामांत बँकेंत खातें उघडण्याच्या निमित्तानें जें पाहिलें व जें मनांत आलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

आमचे चिरंजीव तेथें एका औषध-संशोधनशाळेंत नोकरीस आहेत. सूनबाईंची प्रसूतीची रजा संपत आली होती, म्हणून नातवाला सांभाळण्यासाठीं आम्ही उभयतां गेलों. आमचें निवृत्तिवेतन इकडील खात्यांत दरमहा जमा होत होतें. त्यांतील कांहीं भाग तिकडे आणून आपला किरकोळ खर्च आपण करावा, निदान नातवाचें दूध आणि बाजारांतली भाजी तरी आपल्या पैशाची असावी, अशी आमची इच्छा होती. मुलाच्या घरीं आपलें-परकें कसलें, असें कोणी म्हणेल. परंतु आयुष्यभर स्वतःच्या वेतनावर घर चालविलेल्या मनुष्याला पावाच्या दुकानांत मुलाचें कार्ड पुढें करणें किती जड जातें, हें निवृत्त गृहस्थांना सांगावयास नको. शिवाय त्या देशांत दूरध्वनीची वर्गणी, विम्याची परतफेड, विजेचें बिल हें सर्व बहुधा खात्यांतूनच वळतें होतें. खात्याचा तपशील दाखविणारा जो छापील कागद असतो, त्याला तेथें 'रिब' म्हणतात. ज्याच्याजवळ रिब नाहीं त्याची स्थिति श्राद्धाच्या पाटावर बसून स्वतःचें गोत्र न सांगतां येणाऱ्या यजमानासारखी होते.

तेथील बँकांच्या पुष्कळ शाखा शनिवारीं उघड्या व सोमवारीं बंद असतात. आम्हांस जी शाखा जवळ होती, तिचें दारहि दुहेरी. घंटा वाजवावी, पहिलें दार उघडतें. तें मागें लागल्यावांचून दुसरें उघडत नाहीं. मध्यें कांचेच्या पेटींत क्षणभर उभें राहावें लागतें. आंत गेल्यावर आधीं 'बोंझूर' म्हणावयाचें, मग काम सांगावयाचें. आधीं वेळ ठरविलेली असल्यावांचून कामाला हात लागत नाहीं. ठरल्या दिवशीं गेलों, तेव्हां एका तरुण बाईंनीं अत्यंत नम्रपणें कागदांची यादी पुढें केली. पारपत्र होतें, दीर्घ मुदतीचें प्रवेशपत्र होतें, निवृत्तिवेतनाचा दाखला भाषांतरासह होता. राहत्या जागेचा पुरावा, म्हणजे तीन महिन्यांच्या आंतील विजेचें बिल, तेवढें आमच्या नांवाचें नव्हतें. बिल हवें तर जोडणी आपल्या नांवावर हवी. जोडणीसाठीं रिब हवा. आणि रिबासाठीं बिल हवें. दोहोंचाच प्रश्न असता तर त्यास अन्योन्याश्रय म्हटलें असतें. तीन जण एकमेकांच्या आधारावर उभे असल्यानें न्यायशास्त्राप्रमाणें हा चक्रक दोष झाला.

या चक्रांतून सुटण्याचा मार्ग त्या देशानेंच ठेवला आहे. ज्याच्या घरीं आपण उतरलों, त्यानें एका कागदावर लिहून द्यावयाचें कीं, अमुक नांवाची व्यक्ति अमुक तारखेपासून माझ्या घरीं राहते व मी तिला राहावयास जागा दिली आहे. सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि त्याच्या नांवाचें बिल जोडावयाचें. या कागदाचें फ्रेंच नांव लांबलचक आहे; आम्हीं त्यास आश्रयपत्र म्हणूं लागलों.

चिरंजीवांनीं तें पत्र दोन दिवस लिहिलें नाहीं. पहिल्या दिवशीं काम होतें, दुसऱ्या दिवशीं डोकें दुखत होतें. तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं विषय काढला, तेव्हां तो खालीं मान घालून म्हणाला, "बाबा, हें मला लिहवत नाहीं. तुम्हांला मी आश्रय दिला, असं लिहायचं?" आम्हांसहि क्षणभर कांहीं सुचेना. शेवटीं आम्हीं त्याच्यापुढें कागद ठेवला आणि म्हटलें, "मी सांगतों, तूं लिही." चवथीच्या वर्गांत शुद्धलेखन सांगत असूं त्याच आवाजांत आम्हीं मराठींत वाक्यें सांगितलीं आणि त्यानें तीं फ्रेंचमध्यें उतरलीं. आमचें पूर्ण नांव, जन्मतारीख, जन्मगांव हें सर्व त्याला तोंडपाठ होतें. तरी प्रत्येक शब्दाला तो विचारीत होता. सही करतांना त्याचा हात थबकला. तेवढ्यांत पाळण्यापाशीं बसलेल्या सौभाग्यवती म्हणाल्या, "कर रे सही. मी तुला नऊ महिने ठेवून घेतला, तेव्हां कुणी पत्र मागितलं नव्हतं, एवढाच फरक." सूनबाईंना हंसूं आवरेना, आणि सही झाली.

त्या पत्राविषयीं एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्याला मुद्रांक लागत नाहीं, नोटरीचा शिक्का लागत नाहीं, साक्षीदार लागत नाहींत. साध्या कोऱ्या कागदावर 'मी आपल्या अब्रूवर लिहून देतों' एवढे शब्द पुरतात. मजकूर खोटा ठरल्यास मात्र एक वर्षापर्यंत कैद आणि १५,००० युरोपर्यंत दंड होऊं शकतो. एखाद्या क्षुल्लक दाखल्यासाठींहि मुद्रांकाच्या कागदाकरितां कचेरीबाहेर तिष्ठण्याची संवय असलेल्या आम्हांस याचें आश्चर्य वाटलें. प्रत्येक गोष्टीला कागद मागणारा तो समाज शेवटीं मनुष्याच्या शब्दावर येऊन टेकतो. तो शब्द लेखी असावा इतकाच त्याचा आग्रह.

इतकें होऊनहि त्या बँकेनें आम्हांस नकार दिला. उत्पन्न परदेशांतील, मुक्काम थोड्या दिवसांचा, असें कांहीं तरी कारण असावें. चिरंजीव वाद घालूं लागले; परंतु त्यांच्या कचेरींतील एका अनुभवी गृहस्थानें सुचविलें होतें कीं, वाद न घालतां नकार लेखी मागून घ्यावा. त्या देशांत २४ जानेवारी १९८४ च्या बँकविषयक कायद्यानें खातें असणें हा हक्क ठरला आहे. फ्रान्समध्यें राहणाऱ्या कोणत्याहि मनुष्याचें, मग तो कोणत्याहि देशाचा असो, तेथें खातें नसेल आणि एखाद्या बँकेनें नकार दिला असेल, तर तो नकार घेऊन त्यानें बांक द फ्रांसकडे अर्ज करावा. ही मध्यवर्ती बँक नेपोलियननें १८०० सालीं स्थापन केलेली. अर्ज पुरा असेल तर एका कामाच्या दिवसांत ती एखादी बँक नेमून देते. त्या बँकेला खातें उघडावेंच लागतें आणि प्राथमिक सेवा विनामूल्य द्याव्या लागतात. आम्हांसहि तसेंच पत्र मिळालें व दुसऱ्या एका बँकेंत खातें उघडलें. या सबंध प्रकरणांत आम्हांस ना कोणाची ओळख काढावी लागली, ना कोणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

खातें दोघांच्या नांवें होतें. पहिलें पत्र आलें, त्यावर सौभाग्यवतींचें माहेरचें आडनांव छापलेलें! चौकशी केली तेव्हां कळलें कीं, १७९४ सालच्या क्रांतिकाळांतील कायद्यापासून तेथें जन्मदाखल्यावरचें नांव हेंच मनुष्याचें कायदेशीर नांव. लग्नानंतर स्त्री पतीचें आडनांव व्यवहारांत वापरूं शकते. परंतु तिचें मूळ नांव आमरण तिचेंच राहतें. अडतीस वर्षांनंतर परक्या देशाच्या टपालवाल्यानें त्यांना त्या नांवाचा लिफाफा आणून दिला. तो त्यांनीं कोणालाहि टाकूं दिला नाहीं.

फ्रेंच बँकांच्या नांवांत 'क्रेदी' हा शब्द वारंवार येतो. जॉन लॉ नामक एका स्कॉटिश गृहस्थानें १७१६ सालीं पॅरिसमध्यें काढलेली बँक १७२० सालीं बुडाली आणि हजारों लोकांचा पैसा गेला. तेव्हांपासून 'बँक' या शब्दालाच तेथें बट्टा लागला, आणि पुढें निघालेल्या अनेक संस्थांनीं तो टाळून दुसरे शब्द पसंत केले. १८६३ सालीं लियोंमध्येंच निघालेली क्रेदी लियोने ही त्यांपैकींच एक. 'क्रेदी'चें मूळ लॅटिन भाषेंत आहे, आणि भाषाशास्त्री सांगतात कीं, तें लॅटिन क्रियापद व आपली 'श्रद्धा' हीं एकाच मूळ शब्दापासून निघालेलीं भावंडें आहेत. नांवांत श्रद्धा धारण करणारी संस्था विजेचें बिल मागते, याचें प्रथम हंसूं येतें. परंतु आपल्याकडील पेढ्या तरी काय करीत होत्या? शहाजोग हुंडीचे पैसे बाजारांतल्या पतदार, ओळखीच्या 'शहा'लाच मिळत. तोच 'शहाजोग' शब्द आज आपण साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला लावतों! ओळखीवर चाललेल्या व्यवहाराचा सगळा अनुभव त्या अर्थांतरांत सांठला आहे.

चिरंजीवांच्या उच्च शिक्षणासाठीं २००९ सालीं आमच्या गांवच्या एका बँकेंत पांच लाखांचें कर्ज काढलें, तेव्हांची गोष्ट आठवते. शाखाधिकारी आमचा विद्यार्थी. "सर, तुम्ही आलांत म्हणजे झालं," असें म्हणून त्यानें अर्ज पुरता न वाचतांच पुढें सरकविला. जामीन शेजारचे डॉक्टर झाले. त्याच आठवड्यांत आमच्याच शाळेंतला दुसरा एक मुलगा तसेंच कर्ज मागावयास गेला होता. गुण आमच्या मुलापेक्षां अधिक. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. जामिनासाठीं बापलेक चार खेपा घालून परत आले; शेवटीं आमचे मुख्याध्यापक जामीन राहिले तेव्हां त्या मुलाचें काम झालें. नियम दोघांनाहि तोच होता. परंतु आमचा चेहरा त्या शाखेंत सर्वांच्या ओळखीचा होता आणि त्या शेतमजुराचा नव्हता. लियोंमध्यें आम्ही त्या शेतमजुराच्या जागीं उभे होतों. तेथें आम्हांस तारणारी गोष्ट ओळख नव्हती. १९८४ सालचा कायदा होता.

निघण्यापूर्वीं खातें बंद केलें. त्यासाठीं पोंचपावतीसह नोंदणीकृत पत्र पाठविलें. बंद करण्याबद्दल तेथें आकार पडत नाहीं. शिल्लक इकडे पाठवितांना मात्र नवी अडचण आली. तेथील खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक २७ अक्षरांकांचा असतो. त्यांतील पहिलीं चार शेवटीं नेऊन अक्षरांच्या जागीं ठराविक आंकडे मांडले, तर होणाऱ्या संख्येला ९७ नें भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. न उरल्यास लिहितांना कोठें तरी चूक झाली असें समजावें. आम्हीं हा भागाकार एका दुपारीं हातानें करून पाहिला आणि बाकी १ आली. एकहि स्वर ढळूं नये म्हणून घनपाठाची योजना करणाऱ्या वैदिकांना ही युक्ति खचित आवडली असती. भारतांतील बँकांना असा क्रमांकच नसल्यानें तेथील संगणक आमचें गांवचें खातें ओळखीना. तेव्हां त्या शाखेंतील बाईंनीं निराळा अर्ज हातानें भरून तें काम पुरें केलें.

जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमचें सांगणें इतकेंच. जन्माचा व विवाहाचा दाखला आणि निवृत्तिवेतनाचे कागद भाषांतरासह बरोबर न्यावे. नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. आणि मुलानें आश्रयपत्र लिहिण्यांत किंवा आपण तें घेण्यांत कमीपणा मानूं नये. आपल्या एकत्र कुटुंबांत कोण कोणाच्या आश्रयानें राहतो हें लिहून ठेवण्याची चाल नाहीं, आणि ती नसावी हेंच बरें. परंतु घराला जें न लिहितां कळतें, तें परक्या गांवच्या बँकेला कसें कळावें? तिला तें लिहूनच सांगावें लागतें. चिरंजीवांनीं लिहिलेल्या त्या पत्राची एक प्रत आमच्याजवळ आहे. ती खात्याच्या इतर कागदांत न ठेवतां आम्हीं त्याच्या शाळेंतील प्रगतिपुस्तकांत ठेवली आहे.