पालथा हात

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात एमिट्सबर्ग येथे असलेल्या राष्ट्रीय अग्निशमन अकादमीच्या अनेक प्रशिक्षणवर्गांसाठी किती श्रेयांक, म्हणजे पदवीच्या वाटेवरील अभ्यासाचे ठरीव माप, द्यावेत याची शिफारस अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था करते. ती मानायची की नाही, हे मात्र प्रत्येक महाविद्यालय आपापले ठरवते. भारतातही २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक धरला असून कामाच्या अनुभवालाही जागा ठेवली आहे.

तासांची मोजदाद होते, पण बंद दारापाशी धुरात ओणवा झालेला जवान दाराला तळहात न लावता पालथा हात लावतो, कारण तळहात भाजला तर पुढे धरायला, सरपटायला काहीच उरत नाही, आणि त्या एका स्पर्शात पलीकडची आग जोखतो, तेव्हा ते ज्ञान कोणत्या रकान्यात मांडावे, असा प्रश्न पडतो. गुणपत्रिकेवर ते अक्षरांत उतरले, तर त्याचा मान वाढतो, यात शंका नाही. मात्र दाराची ती ऊब कागदापर्यंत पोहोचते का, की वाटेतच निवते, हे बहुधा त्या पालथ्या हातालाच ठाऊक असावे.