शहर हवं की शिखर?

आमच्या घरात भांडणं साधारण तीन विषयांवर होतात. एसीचं टेम्परेचर, पलंगावर टाकलेला ओला टॉवेल आणि सुट्टीत कुठे जायचं. पहिल्या दोन विषयांवर लग्नाच्या सातव्या वर्षी तह झाला. तिसऱ्यावरून मात्र २०२३ च्या मार्चमध्ये चक्क महायुद्ध पेटलं.

त्याचं असं झालं, की दोघांच्याही बॉसनी एकाच वेळी आठ दिवसांची रजा मंजूर केली. (असा योग याआधी थेट हनिमूनला आला होता!) देश ठरला, स्वित्झर्लंड. महिना ठरला, जून. इथवर गाडी रुळावर होती. मग मी म्हटलं, "झुरिचला राहू." त्याच क्षणी नवरा म्हणाला, "इंटरलाकेनला राहू."

आता बोला!

"अगं, पुण्याचं ट्रॅफिक सोडून साडेसहा हजार किलोमीटर उडायचं आणि तिथे जाऊन पुन्हा शहरच बघायचं? ट्रॅम बघायला?" हा त्याचा मुद्दा.

"अरे, डोंगरच बघायचे तर राजगड काय वाईट आहे? पहाटे निघालं की नाश्त्याला पायथ्याशी," हा माझा.

मग दोघांनीही आपापली केस मांडली. अगदी क्लायंट प्रेझेंटेशन असल्यासारखी. माझ्याकडे झुरिच. वस्ती चार लाखांच्या वर, त्यात दर तिघांमागे साधारण एक जण परदेशी. रस्त्यावर जर्मन, इटालियन, पोर्तुगीज, तमिळ सगळं कानावर पडणारं. आइन्स्टाइन ज्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकला ती इथे, जेम्स जॉइसची कबर इथे, १९१६ मध्ये डाडा नावाची वेडी कलाचळवळ सुरू झाली तो कॅफेही इथेच. शिवाय १८९८ पासून चालू असलेलं शाकाहारी रेस्टॉरंट! युरोपात आठ दिवस ब्रेड-चीजवर काढलेल्या मराठी माणसाला यापुढे काय सांगायचं?

त्याच्याकडे इंटरलाकेन. वस्ती सहा हजारांच्या आत, म्हणजे आमच्या दोन-तीन सोसायट्या मिळून जेवढी होईल तेवढी. थुन आणि ब्रिएन्झ या दोन तलावांच्या मधोमध वसलेलं, म्हणून नावच 'तलावांच्या मधलं'. समोर ४,१५८ मीटर उंचीचं युंगफ्राऊ. पॅराग्लायडिंग, राफ्टिंग, कॅनियनिंग, जे म्हणाल ते. आणि १९१२ पासून डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून ३,४५४ मीटरवर नेणारी रेल्वे. मला ती रेल्वे पाठ झाली, कारण तिची कल्पना काढणारा अडॉल्फ गुयर-त्सेलर हा झुरिचकडचा उद्योगपती होता. "बघ, तुझा डोंगरसुद्धा आमच्या शहरवाल्यानंच चढवलाय," मी म्हटलं. तो हसला नाही.

शेवटी एक्सेल शीट केली. खर्च, जेवण, प्रवास, हवामान, 'एक्स्पीरियन्स'. प्रत्येकाला दहापैकी मार्क. झुरिच ३८, इंटरलाकेन ३७. नवरा म्हणाला, "जेवणाला तू झुरिचला दहा दिलेस आणि इंटरलाकेनला चार. तिथे इंडियन रेस्टॉरंट्स आहेत, गं. यश चोप्रांचा पुतळासुद्धा आहे!" (खरंच आहे. २०१६ मध्ये बसवला.) मी मार्क बदलले नाहीत.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्या शीटमध्ये मी चीटिंग केली होती.

त्याच वर्षी जानेवारीत माझ्या बाबांची बायपास झाली. मी एकुलती एक. ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी तीन फॉर्मवर सह्या केल्या होत्या. प्रत्येक फॉर्मवर, काय काय होऊ शकतं याची यादी होती. बाबा बरे होऊन घरी आले, सकाळी फिरायलाही जाऊ लागले. पण ती यादी माझ्या डोक्यातून गेली नाही. रात्री दहानंतर फोन वाजला की पोटात गोळा यायचा. नवऱ्याला ऑफिसातून यायला वीस मिनिटं उशीर झाला, तरी माझं लक्ष गॅलरीतून खाली गेटकडे. आणि हा माणूस म्हणत होता, की मी डोंगराच्या कड्यावरून उडी मारणार.

मी म्हणत होते, "मला शहरं आवडतात." म्हणायचं होतं, "तू उडू नकोस."

शेवटी सगळे करतात तोच तोडगा काढला. तीन रात्री इथे, तीन तिथे. दोन गावांत अंतर किती? बर्नला गाडी बदलून सुमारे दोन तास! म्हणजे ज्या भांडणात आम्ही पंधरा दिवस घालवले, ते पुणे-लोणावळा इतकंच होतं. फक्त त्याला पॅराग्लायडिंगचा स्लॉट एक दिवस आधीचा मिळाला. "तू निवांत ये मागून," तो म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. बघायलाच नको, म्हणजे प्रश्नच मिटला.

त्या दिवशी सकाळी त्याला झुरिचच्या स्टेशनवर सोडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या शहरात एकटी उरले. फ्राउम्युन्स्टर चर्चमध्ये गेले. तिथे मार्क शगालनं केलेल्या पाच उंचच उंच रंगीत काचेच्या खिडक्या आहेत. १९७० मध्ये त्या बसवल्या तेव्हा गृहस्थ ऐंशी ओलांडून गेलेले. दुपारी त्या शाकाहारी रेस्टॉरंटमध्ये वजनावर मिळणारं जेवण जेवले. रस्त्यातल्या कारंज्यांना बाटली लावून पाणी भरलं. (शहरात अशी १,२०० हून जास्त कारंजी आहेत आणि बहुतेक सगळ्यांचं पाणी पिण्याजोगं. बाटलीबंद पाण्याचा भाव बघितलात, तर ही माहिती सोन्याच्या मोलाची!) कोणी ओळखीचं नाही, कोणाचा मेल नाही. खूप महिन्यांनी इतका वेळ मी कोणाचीच मुलगी, बायको किंवा टीम लीड नव्हते.

मग लिमाट नदीवरच्या फ्राउएनबाडीत गेले. हे १८८८ मधलं, नदीतच बांधलेलं लाकडी स्नानगृह. दिवसा फक्त बायकांसाठी. सत्तरीच्या आज्यांपासून कॉलेजच्या मुलींपर्यंत सगळ्या बिनधास्त उन्हात पसरलेल्या. कोणी कोणाच्या पोटाकडे बघत नाही. मी बराच वेळ नुसते पाय पाण्यात सोडून बसले. पाणी गार होतं. मग उतरले.

पोहायला मला बाबांनी शिकवलं, पुण्यात टिळक टँकवर. पोटाखाली हात धरायचे आणि म्हणायचे, "मी धरलंय." एक दिवस मी मधोमध गेल्यावर मागे बघितलं, तर ते कधीच सोडून काठाशी उभे होते. त्या वेळी मला फक्त राग आला होता. लिमाटच्या पाण्यात पहिल्यांदा आठवलं, की त्यांचा चेहरा तेव्हा पांढरा पडला होता. स्वतः घाबरलेलाच माणूस. तरी सोडलं.

बाहेर येऊन फोन बघितला तर नवऱ्याचा मेसेज. 'वारा खूप आहे. आजची फ्लाइट कॅन्सल. उद्या सकाळी बघू म्हणतात.'

आधी मनापासून हुश्श झालं. मग लाज वाटली. कॉलेजात दर रविवारी सह्याद्रीत असणारा हा मुलगा. लग्नानंतर, मला आवडत नाही म्हणून, त्यानं ट्रेकिंगचे बूट माळ्यावर टाकले आणि कधी बोलूनही दाखवलं नाही. मी फोन लावला.

"ऐक ना, मला शहर-बिहर काही नाही रे. मला भीती वाटते. तुला काही झालं तर, याची."

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "मग कॅन्सल करू का? खरंच सांग. पैसे गेले तर गेले."

इथे 'हो' म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. हे मला माहीत होतं, म्हणूनच बोलायला वेळ लागला.

"नको," मी म्हटलं. "कर. पण मी आल्यावर. मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडली. इंटरलाकेनच्या मध्यभागी होहेमाटे नावाचं मोठं कुरण आहे. १८६४ मध्ये गावातल्या हॉटेलवाल्यांनी आणि नागरिकांनी ते विकत घेतलं, तिथे कधी बांधकाम होऊ नये म्हणून. (आपल्याकडे टेकड्या वाचवताना काय होतं, ते आठवा!) आज पॅराग्लायडर तिथेच उतरतात. बीटेनबर्गच्या उतारावरून निघायचं आणि गावाच्या डोक्यावरून घिरट्या घालत खाली. मी गवतात बसले होते. आकाशात लाल, पिवळ्या, निळ्या छत्र्या. त्यातली कुठली आपली, ते कळेना. त्यामुळे प्रत्येक छत्री उतरेपर्यंत मी श्वास रोखून होते.

सातवी त्याची निघाली. पायलटबरोबर चार पावलं धावला आणि गुडघ्यांवर पडला. उठला तेव्हा चेहरा असा, की सात वर्षांत मी तो बघितलाच नव्हता. आधी त्यानं माझ्याकडे बघितलं. मी रडत होते आणि हसतही होते.

"बाबांना फोन लाव," तो म्हणाला.

बाबांनी व्हिडिओवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जावईबापू, उतरल्यावर फोन केलात ते बरं केलंत!"

तर मंडळी, शहर की शिखर? तीनच दिवस हाती असतील आणि वर्षभर कोणाच्या ना कोणाच्या हाकेला ओ देऊन थकला असाल, तर खुशाल झुरिच गाठा आणि एकटे फिरा. खुर्चीत बसून बसून अंग आंबलं असेल, तर इंटरलाकेन. जास्त दिवस असतील तर दोन तासांची गाडी आहेच. पण जोडीदाराशी भांडण पंधरा दिवस चाललं, तर ते गावावरून नाही हे ओळखा. मार्क देणं थांबवा आणि सरळ विचारा.

आमची पुढच्या सुट्टीची एक्सेल शीट तयार आहे. त्यात एक कॉलम वाढवलाय, 'कशाची भीती वाटते?' दोघांनीही भरायचा, कंपल्सरी. त्यानं पहिल्याच ओळीत लिहिलंय, 'तुझ्या मार्कांची.'