टेबलावरचा समुद्र

नाविक चार्टवर जमीन जवळजवळ कोरी असते. फिक्या पिवळ्या पट्टीवर समुद्रातून दिसेल तेवढंच काढलेलं असतं: दीपगृह, एखादी टेकडी, देवळाचा कळस, किल्ल्याचा बुरूज. पाण्याची बाजू मात्र आकड्यांनी गच्च भरलेली. प्रत्येक आकडा म्हणजे त्या जागची खोली.

श्रीवर्धनच्या बंदर कचेरीत वडिलांच्या टेबलामागे असा एक चार्ट लावलेला होता. हे चार्ट थेट डेहराडूनला तयार होतात, हे कळल्यावर मला केवढं नवल वाटलं होतं. वडील चार्ट वाचत, पण विसंबत ते तांडेलांवर. कोणी तांडेल आत आला की आधी चहा, मग चौकशी. खाडीच्या तोंडाशी गाळ किती साचलाय? अनोळखी होडी कुठे दिसली का? मिळालेलं उत्तर ते पेन्सिलीने चार्टवर टिपून ठेवत, बाजूला तारीख घालत. छापील आकड्यांच्या मधून फिरणारं ते बारीक अक्षर मला अजून आठवतं.

पुढे मी पुण्याला आलो, संरक्षणशास्त्र शिकलो आणि तेच शिकवू लागलो. 1993 च्या फेब्रुवारीत आमच्या श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं. 12 मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले, 257 माणसं गेली. पैसे घेऊन वाट मोकळी करून देणाऱ्या कस्टम आणि पोलीस खात्यांतल्या माणसांना पुढे टाडा न्यायालयाने शिक्षा दिल्या. ज्या किनाऱ्यावर आपण वाढलो तिथून हे गेलं, ही गोष्ट मनातून जाईना. मी चार्ट विकत आणला आणि श्रीवर्धनपासून बोटाने किनारा धरून उत्तरेला सरकत गेलो. ओहोटीला उघडी पडणारी जमीन चार्टवर हिरवट रंगात असते. समुद्रावरचा अधिकारी तिच्या अलीकडे थांबतो, जमिनीवरचा पलीकडे. माल उतरतो तो नेमका तिच्यावर.

तोच चार्ट आता विद्यापीठातल्या माझ्या वर्गात टेबलावर पसरलेला असतो. वर्ग चाळिशीतल्या लोकांचा. पोलीस उपअधीक्षक, तटरक्षक दलाचे कमांडंट, कस्टमचे अधीक्षक, महसूल खात्यातले कोणी, बँकेची सायबर सुरक्षा सांभाळणाऱ्या एखाद्या बाई. राष्ट्रीय सुरक्षेचं नेतृत्व यांना शिकवायचं म्हणजे काय शिकवायचं? हुकूम सोडायला ते शिकलेले आहेत. कायदे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. 12 सागरी मैलांपर्यंत साधारणपणे सागरी पोलीस, त्यापुढे तटरक्षक दल, आणि 2009 पासून सगळ्या सागरी सुरक्षेची एकत्रित जबाबदारी नौदलाकडे, हे ते झोपेतही सांगतील. त्यांची अडचण त्यांच्या अनुभवातच असते. वीस वर्षं एका खात्यात काढली की माणसाला त्या खात्याचेच कान येतात.

म्हणून मी व्याख्यान कमी देतो, सराव जास्त घेतो. एकदा चिठ्ठी दिली होती: 12 जुलै, संध्याकाळ, दाभोळच्या बाहेर एक ट्रॉलर, रेडिओवर उत्तर नाही. लगेच चर्चा पेटली. अंतर मोजलं गेलं, कोणाची गस्तीनौका आधी पोचेल यावर वाद झाला, हद्दीची रेघ पुन्हा पुन्हा आखली गेली. मत्स्यव्यवसाय खात्यातल्या एक बाई कडेला उभ्या होत्या. पदाने खोलीत सगळ्यांत धाकट्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "सर, जुलैत मासेमारी बंद असते. हा ट्रॉलर आत्ता बंदरात नांगरलेला असायला हवा. कुठल्या जेटीवरचा आहे, डिझेल कोणी दिलं, हे मी दोन फोनमध्ये काढू शकते."

खोली एकदम थांबली. कमांडंटनी विचारलं, "मॅडम, हे आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुमच्या लक्षात आलंच असेल."

त्या दिवशी ठरलेला धडा मी बाजूला ठेवला आणि एवढ्यावरच बोललो. जून-जुलैतली बंदी किनाऱ्यावरच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते, आणि या टेबलाभोवती ती फक्त एकीला दिसली. माझ्या मते नेता ओळखायचा तो इथे. सगळ्यांत धाकट्या माणसाला त्याने कितव्या मिनिटाला विचारलं, ते मी आता सरावात घड्याळ लावून टिपतो. वरिष्ठांना हे आवडत नाही. पहिले दोन दिवस तर अजिबात नाही.

26 नोव्हेंबर 2008 ला 'कुबेर' ही आपल्याकडचीच मच्छीमार नौका पळवून दहा जण मुंबईपर्यंत आले. तिच्या तांडेलाला त्यांनी मारलं. बधवार पार्कजवळ रबरी बोटीतून उतरताना कोळी लोकांनी त्यांना पाहिलं, हटकलं. 166 जीव गेले त्या हल्ल्यात, आणि सगळ्यांत आधी प्रश्न विचारणारी माणसं होती ती कोळीवाड्यातली. हे सांगताना वर्गात मी आवाज सपाट ठेवू शकत नाही, ठेवायचाही नाही.

पुढच्या तुकडीत हर्णैच्या एका तांडेलाला व्याख्याता म्हणून बोलवायचं आहे, पाहुणा म्हणून नव्हे. इतर व्याख्यात्यांना मिळतं तेवढंच मानधन त्यांना मिळालं पाहिजे. फॉर्ममध्ये शैक्षणिक पात्रतेचा रकाना आहे; तिथे काय लिहायचं यावर विभागात दोन बैठका झाल्या, तिसरी सोमवारी आहे. मी चार्ट घेऊन जाणार आहे.