अजिंठ्याचा अंधार आणि आपला कॅमेरा

फराळाचे डबे निम्मे झाले, भाऊबीज पार पडली, की घरोघर प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात आणि त्यांत अजिंठ्याचे नाव हटकून निघते. पाऊस नुकताच सरलेला असतो, वाघूर नदीला पाणी असते, डोंगराचा हिरवा रंग अजून उतरलेला नसतो. हल्ली सामानात एक चांगला कॅमेराही असतो; मुलाने पहिल्या पगारातून घेतलेला किंवा जावयाने परदेशाहून आणलेला. या कॅमेऱ्याची खरी परीक्षा अजिंठ्यात होते. मात्र कॅमेऱ्याच्या मालकाची परीक्षा घरी परतल्यावर होते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

जळगावहून अजिंठा सुमारे ६० किलोमीटर, छत्रपती संभाजीनगराहून सुमारे १००. सोमवारी लेणी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवावे. फर्दापूरच्या तिठ्यावर आपले वाहन सोडावयाचे आणि तेथल्या बसने चारेक किलोमीटर आत जावयाचे. मग पायऱ्या. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. वर पोचले की घोड्याच्या नालासारखा वळलेला कडा एकदम समोर येतो आणि त्याच्या पोटात ओळीने कोरलेली तीस लेणी दिसू लागतात. यांतली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीची; बहुतेक चित्रे मात्र पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली.

या पायऱ्या चढताना पाठीवर किती ओझे असावे? थोडके. एक कॅमेरा, दोन लेन्स, एक जादा बॅटरी, दोन कार्डे आणि धुतलेल्या मऊ सुती कापडाचा तुकडा. बाहेरचा कडा आणि १९ व २६ क्रमांकांची उंच चैत्यगृहे यांसाठी कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी झूम लेन्स पुरते. आतल्या चित्रांसाठी मात्र एफ १.८ छिद्राची, ३५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स हवी. ती झूम होत नाही, पण उजेड भरपूर आत घेते. हातभर लांबीची दूरदर्शी लेन्स खुशाल घरी ठेवावी. येथे तिचे काम नाही.

पहिल्या लेण्यात शिरले की प्रथम काहीच दिसत नाही. बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि आत गाभाऱ्यासारखा काळोख. दोन मिनिटे स्वस्थ उभे राहावे. हळूहळू डोळे सरावतात आणि मागच्या भिंतीवर हातात निळे कमळ घेतलेला, मान किंचित कलती केलेला पद्मपाणी उमटू लागतो. तो दिसेपर्यंत कॅमेरा पिशवीतच असू द्यावा. ज्याने डोळ्यांनी पाहिले नाही त्याला कॅमेऱ्यातही सापडत नाही.

येथे फ्लॅशला सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे. ही चित्रे कोरड्या गिलाव्यावर रंगविलेली आहेत. दीड हजार वर्षे जगलेल्या रंगांवर हजारो प्रवाशांच्या लखलखाटाचा मारा कशाला? शिवाय फ्लॅशच्या सपाट उजेडात चित्र पांढरेफटक पडते. एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही : फ्लॅश बंद केला तरी नेम साधताना कॅमेऱ्याचा एक छोटा दिवा पेटतो. तोही बंद करून ठेवावा. तिवईला वेगळी परवानगी लागते. भिंतीला टेकावयाचे तर मुळीच नाही, कारण भिंत म्हणजेच चित्र. तेव्हा कोपरे बरगड्यांशी घट्ट धरावीत, श्वास सोडावा आणि सावकाश बटन दाबावे. एकाऐवजी लागोपाठ तीन फोटो घ्यावेत, त्यांतला एक तरी स्थिर येतो. आयएसओ ३२०० पर्यंत चढविण्यास भिऊ नये. फोटोत थोडी रवाळ झाक आली तरी चालते. हललेला फोटो मात्र काही केल्या सुधारत नाही.

आता त्या ‘रॉ’ फाइलविषयी. कॅमेऱ्यात फोटो दोन प्रकारांनी साठविता येतो. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या अकलेने भाजून दिलेली पोळी. रॉ म्हणजे कणीक. कणकेची पोळी होते, पुरी होते, पराठाही होतो. भाजलेल्या पोळीची पुन्हा कणीक मात्र होत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. लेण्यातल्या काळोख्या कोपऱ्यात याच पायऱ्या कामी येतात. घरी आल्यावर सावलीतला चेहरा थोडा उजळला तर जेपेगमध्ये डाग पडतात. रॉमध्ये त्या सावलीतून आणखी एक दागिना, आणखी एक बोट वर येते. दिव्यांचा पिवळेपणाही मागाहून काढता येतो. येथल्या काही चित्रांतला निळा रंग राजवर्ती दगडाचा, अफगाणिस्तानाकडून आलेला. तो फोटोत हिरवट दिसला तर प्रवास फुकट गेल्यासारखे वाटते; रॉ असेल तर तो निळा परत मिळविता येतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही त्यासाठीची सॉफ्टवेअरे तर विनामूल्य आहेत.

रॉ फाइलचे वजन मात्र असते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक फाइल साधारण २५ ते ३० मेगाबाइटची. दिवसात तीनशे फोटो काढले तर आठ-नऊ गिगाबाइट झाले. ६४ गिगाबाइटच्या कार्डावर दोनेक हजार मावतात, म्हणजे सहलीपुरती चिंता नाही. चिंता पुढची आहे : हे सारे ठेवावयाचे कोठे, आणि ते राहील कसे?

याचे उत्तर अजिंठ्याच्याच इतिहासात आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर येथे आला आणि विस्मृतीत गेलेली ही लेणी पुन्हा जगापुढे आली. त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर कोरलेले स्वतःचे नाव आजही आहे. पुढे १८४४ मध्ये मद्रासच्या सैन्यातला रॉबर्ट गिल या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. उमेदीची वर्षे त्याने या दरीत घालविली. त्याने तैलरंगात केलेल्या मोठमोठ्या नकला लंडनला गेल्या, तेथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बोटांवर मोजण्याइतक्या सोडून साऱ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी सुमारे तीनशे चित्रे केली. तीही लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेली आणि १८८५ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतली शंभरावर नष्ट झाली.

माणसे तीच, कष्ट तेच; मग वाचले काय? गिलने कॅमेऱ्यानेही फोटो काढले होते. ते १८६४ मध्ये पुस्तकातून प्रसिद्ध झाले आणि आज पाहावयास मिळतात. ग्रिफिथ्सच्या कामाचे दोन खंड १८९६–९७ मध्ये छापले गेले. तेही ग्रंथालयांत आहेत. जे एकाच भिंतीवर होते ते गेले. जे अनेक कपाटांत होते ते उरले.

आमच्या एका सहकाऱ्यांच्या घरी मी हेच पाहिले. त्यांचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी हट्टाने अजिंठा पाहिला, डोलीत न बसता. मुलाने दिवसभरात दोनशेवर फोटो काढले, एका खिशात मावणाऱ्या डिस्कवर उतरविले आणि कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरले. वर्षाच्या आत नाना गेले. दहाव्या दिवशी फोटो शोधू लागले तेव्हा ती डिस्क मुकी झाली होती. कधीतरी टेबलावरून पडली होती एवढेच. शेवटी नागपूरच्या ताईंनी आपल्या पोथीतून एक फोटो काढून दिला. अजिंठ्याहून भावाने फोनवर पाठविलेला तो त्यांनी तेव्हाच छापून घेतला होता. लेण्याच्या उंबऱ्यावर बसून नाना पाण्याची बाटली उघडीत आहेत, एवढाच तो फोटो. ताई म्हणाल्या, “दादा, हा तू ठेव. पण आधी याचे फोटो काढून सगळ्यांना दे.”

ताईंनी सांगितले तेच शास्त्रही सांगते. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती असाव्यात : दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरच्या साठ्यात, नाहीतर बहिणीच्या घरी. मुक्कामावर पोचल्यावर हातपाय धुऊन आधी कार्ड उतरवावे. चार-सहा फायली मोठ्या करून उघडतात ना, ते पाहावे. दोन ठिकाणी प्रत झाल्याखेरीज कार्ड पुसू नये. पुसावयाचे तेही संगणकात नव्हे, कॅमेऱ्यातच. फोल्डरला आधी वर्ष, मग महिना, मग तारीख आणि शेवटी गावाचे नाव द्यावे, म्हणजे ती आपोआप ओळीने लागतात. मग निर्दयपणे निवड करावी. तीनशेतले चाळीस चांगले निघाले तरी सहल सार्थकी लागली. केलेल्या सुधारणा पुष्कळदा रॉ फाइलच्या शेजारी एका लहानशा वेगळ्या फाइलमध्ये राहतात. प्रत करताना तिला विसरू नये. आणि जे फोनवरच फोटो काढतात त्यांनी एवढे जाणावे की व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेला फोटो आकसून जातो. मूळ फोटो जपून ठेवावयाचा तो निराळाच.

सर्वांत शेवटी, निवडलेल्या चाळिसांतले दहा तरी कागदावर छापून घ्यावेत. कागदाला बॅटरी लागत नाही आणि आजीला पासवर्ड लागत नाही.

पाडव्याला आपल्याकडे नव्या वहीचा आरंभ करतात. जुना हिशेब तपासून नवा मांडतात. यंदा त्या दिवशी तासभर काढून घरातल्या फोटोंचाही हिशेब पाहावा. कोणती डिस्क उघडते, कोणती कुरकुर करते, कशाची एकच प्रत आहे, ते एका कागदावर लिहावे. ज्याच्यापुढे एकचा आकडा येईल त्याची प्रत त्याच दिवशी करावी आणि भाऊबीजेला बहिणीकडे जाताना ओवाळणीबरोबर ती डिस्कही न्यावी. अजिंठ्याला त्यानंतर निघावे.